प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये: जळगावच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक चोपडा, रावेर, पारोळ्यापासून थेट शहाद्यापर्यंतचं. हल्ली निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: ग्राफिक्स कार्ड घ्यायचं की प्रोसेसरच्या आतलं चालेल? आणि पुढे ही दोन्ही एकच होणार असतील, तर आज पैसे कशात घालायचे? फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवलंय.

“भाऊ, यामा कार्ड शे का नई?”

शे. पन पोटमा शे.

म्हणजे वेगळं कार्ड नाही, पण चित्र दाखवणारा भाग प्रोसेसरच्या आतच आहे. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावायची. टॅली, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, यूट्यूब, पोरांचे क्लास, सगळं त्यावर चालतं. बिलावर कार्डाची ओळ दिसली नाही म्हणून घाबरू नका.

हे दोन भाग मुळात वेगळे का? काम तर एकाच मशीनचं ना?

कामाची जात वेगळी आहे. कापूस वेचणीचं घ्या. चाळीस बाया ओळीने वावरात शिरतात, प्रत्येकीचं काम सारखं, एकीला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. बाया दुप्पट केल्या तर वेळ निम्मा. स्क्रीनवरच्या लाखो ठिपक्यांचे रंग काढणं हे असं काम आहे, आणि ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी शेकड्यांनी, हजारांनी छोटी गणित-यंत्रं असतात.

संध्याकाळी मुकादम हिशोबाला बसतो. कुणाची उचल किती, कुणाचं वजन कमी भरलं, कुणाचं मागचं देणं राहिलं. इथे एका उत्तरावर पुढचा प्रश्न ठरतो. चाळीस मुकादम बसवले तरी हिशोब लवकर होणार नाही, भांडणं तेवढी होतील. हे प्रोसेसरचं काम. थोडे कोर, म्हणजे आतले कामगार, पण प्रत्येक हुशार आणि चपळ.

दोघांची गरज प्रत्येक मशीनला असते. प्रश्न फक्त दोघांना एका घरात ठेवायचं की शेजारी बिऱ्हाड द्यायचं, एवढाच.

ही एकत्र करण्याची टूम नवीन आहे का?

अजिबात नाही. १९८० मध्ये इंटेलने ८०८७ नावाची गणिताची वेगळी चिप काढली होती. अपूर्णांकांची आकडेमोड वेगात हवी असेल तर ती प्रोसेसरशेजारी बसवायची. १९८९ च्या ४८६डीएक्समध्ये तीच गोष्ट प्रोसेसरच्या आत गेली, आणि आज ‘गणिताची चिप’ मागायला कुणी दुकानात येत नाही. ग्राफिक्सच्या बाबतीत त्याच वाटेवर आपण निम्मे चालून आलोय.

एएमडीने २००६ मध्ये सुमारे ५४० कोटी डॉलरला एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली, ती याच हेतूने. योजनेचं नाव होतं फ्यूजन. पण आधी बाजारात पोचली इंटेल. जानेवारी २०१० मध्ये एकाच झाकणाखाली दोन वेगळे तुकडे, एक प्रोसेसरचा, एक ग्राफिक्सचा. वर्षभराने, सँडी ब्रिज या पिढीत, दोन्ही एकाच सिलिकॉनवर आले. २०११ च्या मध्यावर एएमडीची लानो ही एकत्र चिप आली, तिचं ग्राफिक्स त्या काळी खरंच चांगलं होतं, प्रोसेसर मात्र मंद.

एएमडीचा विचार एवढ्यावर थांबत नव्हता. प्रोसेसर आणि ग्राफिक्सने एकच मेमरी, एकाच पत्त्यांनी वापरावी, माहितीची नक्कल इकडून तिकडे करायचीच नाही, असं २०१४ च्या कवेरी चिपमध्ये त्यांनी करून दाखवलं. पण सॉफ्टवेअर लिहिणारे त्या दिशेला फिरकले नाहीत. ॲपलने २०२० मध्ये एम१ ही चिप काढली तेव्हा लोकांना वाटलं, काय नवीन शोध लावला! कल्पना जुनीच होती. ॲपलच्या हातात चिपही होती आणि सॉफ्टवेअरही, म्हणून ती चालली. माझं मत विचाराल तर एएमडीने पेरणी बरोबर केली, पण पावसाच्या आधी केली.

मग आतलं ग्राफिक्स कार्डाइतकं वेगवान का नाही? चिप तर नवीन आहे!

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना त्याचं उत्तर इंजिनिअरच्या आधी कळतं.

विहिरीला पाणी किती, हा एक प्रश्न. पाइप केवढा, हा दुसरा. विहीर तुडुंब असली आणि पाइप दोन इंची असला, तर दहा एकर केळीचं ठिबक एकदम चालणार नाही. रॅमचं तसंच. ‘१६ जीबी’ म्हणजे विहिरीची खोली. सेकंदाला किती माहिती बाहेर येते, तो पाइप.

आकडेच बघा. साध्या पीसीत डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमच्या दोन स्टिक लावल्या तर सेकंदाला ५१.२ जीबी. डीडीआर५-५६०० च्या दोन लावल्या तर ८९.६. आणि आरटीएक्स ४०६० हे मधल्या दर्जाचं कार्ड स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी ओढतं. शिवाय ते एकट्याचं असतं. आतल्या ग्राफिक्सला तो बारीक पाइपही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावा लागतो. एका विहिरीवर दोन भावांची मोटर, मग बांधावर जे होतं तेच.

म्हणून चिपमध्ये ग्राफिक्सचे कोर नुसते वाढवून उपयोग नसतो. मजूर वाढले, पण टोपल्या तेवढ्याच.

पाइप मोठा केला तर काय होतं, तेही बघा. २०१३ चं प्लेस्टेशन ४ आठवतं? त्यात एएमडीची एकत्र चिपच होती, वेगळं कार्ड नव्हतं. पण मेमरी ग्राफिक्सवाली, ८ जीबी, सेकंदाला १७६ जीबी देणारी. पोरं वर्षानुवर्षं त्यावर गेम खेळली. अडचण एकत्र येण्यात कधीच नव्हती, पाइपात होती.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कार्डवाल्यांना राग येणार नाही. कार्डाची स्वतःची मेमरी कितीही चपळ असली, तरी मुख्य रॅममधून कार्डापर्यंतचा रस्ता अरुंदच असतो. कार्ड बसतं त्या पीसीआय ४.० जोडाच्या सोळा लेनमध्ये एका दिशेला सेकंदाला साधारण ३२ जीबी. माहिती कार्डात मावली तोवर ठीक, नाही मावली की घाटात ट्रक अडकल्यासारखं होतं. एकत्र चिपमध्ये हा घाटच नसतो.

रॅमची एकच स्टिक घेतली तर चालेल का? दुसरी नंतर टाकू.

चालेल, पण ग्राफिक्सचा पाइप निम्मा होईल. कार्ड नसलेल्या मशीनला १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की हे सांगताना मलाच संकोच होतो, पण खरं ते खरं.

८ जीबी रॅमचे पैसे दिले, विंडोज ५.९ च दाखवतं. फसवलं का?

नाही हो. उरलेली ग्राफिक्सने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. त्याची वेगळी मेमरी नाही, घरातलंच धान्य तो खातो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, हे राखीव प्रमाण कमी करता येतं, दुकानात आणलं तर पाच मिनिटांत करून देतो. नवीन मशीन घेताना मात्र कार्ड नसेल तर ८ जीबीच्या भानगडीत पडूच नका.

एप्रिल-मे आला की मशीन मंद होतं, मधेच बंद पडतं. एकत्र चिपमुळे का?

थोडं चिपमुळे, बरंचसं आपल्या खान्देशामुळे.

चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. चिपवरचा पंखा, म्हणजे कूलर, असा असेल की पूर्ण कामात चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहते, तर पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ती ७५ ला थांबेल. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्या दुपारी तोच कूलर, तीच चिप, ९५ ला पोचते. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर बंद होतात. यूट्यूबवरच्या चाचण्या एसीच्या खोलीत झालेल्या असतात, त्यांतले आकडे जसेच्या तसे घेऊ नका.

एकत्र चिपमध्ये एक गोष्ट वेगळी घडते. डेस्कटॉपवर अशा बऱ्याच चिपांना मिळून ६५ वॅटची मर्यादा असते. ग्राफिक्सने जास्त खाल्लं की प्रोसेसरचं ताट कमी होतं. एकूण उष्णता कार्डवाल्या मशीनपेक्षा खूप कमी, पण सगळी नखाएवढ्या जागेतून बाहेर यायची असते. त्यामुळे डब्यातला फुकटचा पंखा पुण्याला चालतो, भुसावळला चालत नाही. मी उन्हाळ्याच्या हिशोबाने थोडा मोठा कूलर लावूनच देतो. कुणाला वाटतं मी बिल वाढवतो. वाटू द्या.

एक अनुभव सांगतो. एका जिनिंग मिलच्या वजनकाट्यावरचा पीसी दर एप्रिलला बंद पडायचा. दोन वर्षं मी पॉवर सप्लायवर संशय घेत बसलो, एकदा तर बदललाही. तिसऱ्या वर्षी कूलर मुळापासून उपसला तेव्हा पंख्याखाली रुईचा अख्खा थर, गादीत भरतात तसा. वरून फुंकर मारली की वरचा भाग स्वच्छ दिसायचा, खाली हवा जातच नव्हती. दोन वर्षं चूक माझी होती. आता जिनिंगचा हंगाम संपला की कूलर काढून साफ करायचा आणि चिप-कूलरमधली पेस्ट बदलायची, असं त्या मशीनवर चिकटवून ठेवलंय.

लाइट गेल्यावर यूपीएस टिकेल का?

दीपनगरला वीज बनते आणि आपण यूपीएसचा हिशोब करतो, असो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. एकत्र चिपचं मशीन मॉनिटरसकट सहसा शंभर-दीडशे वॅटमध्ये बसतं. मोठं कार्ड लावलं आणि गेम चालू असताना लाइट गेली, तर यूपीएस ओरडायच्या आधीच सगळं आडवं होतं. कार्ड घेतलं की यूपीएसचाही खर्च धरा.

प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर स्वस्त का मिळतो?

त्यातलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. इंटेलने २०१९ पासून असे प्रोसेसर विकायला सुरुवात केली, एएमडीचेही काही असतात. कार्ड लावणारच असाल तर ठीक. नसाल, तर स्क्रीन काळी. मीही एकदा घाईत असं मशीन जोडून अमळनेरला पाठवलं, आणि रात्री ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून फोन. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो. तेव्हापासून बिल करताना शेवटचं अक्षर मोठ्याने वाचतो. आणि कार्ड घेणाऱ्यांनाही सांगतो: थोडे पैसे जास्त जाऊ द्या, आतलं ग्राफिक्स असू द्या. कार्ड दुरुस्तीला गेलं तर निदान घर अंधारात राहणार नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कार्ड लागेलच ना?

लागेल, पण आतलंही लागेल. हे फार जणांना माहीत नाही. हल्लीचे कॅमेरे ४:२:२, १०-बिट, एच.२६५ अशा जड व्हिडिओ-प्रकारात शूट करतात. हा प्रकार उलगडायचं काम इंटेलच्या १२व्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सला सहज जमतं. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांना ते २०२५ च्या ५०-मालिकेआधी जमत नव्हतं. धुळ्याचा एक फोटोग्राफर महागडं कार्ड लावून आला, तरी टाइमलाइन अडखळत होती. बायोसमध्ये बंद पडलेलं आतलं ग्राफिक्स चालू केलं, काम सरळ झालं. त्याने चहा पाजला, पण चेहरा पडला होता.

फ्लेक्स आणि पत्रिका डिझाइनवाल्यांनी आधी रॅम वाढवावी.

मुलगा म्हणतो गेमिंगला कार्डच हवं. खरं बोलतो का?

कुठला गेम, ते आधी विचारा. व्हॅलोरंट, सीएस, जुना जीटीए असे खेळ एएमडीच्या रायझन ५६००जी किंवा ८७००जीसारख्या चिपवर बरे चालतात. नवे, जड गेम १०८० पीवर ‘हाय’ सेटिंगला हवे असतील तर मुलगा खरं बोलतोय. बारावीचं वर्ष असेल तर निर्णय तुमचा, मी मध्ये पडत नाही.

जीटी ७१० किंवा १०३० सारखं जुनं छोटं कार्ड मात्र ‘कार्ड आहे’ एवढ्यासाठी घेऊ नका. ८७००जीच्या पोटातलं ग्राफिक्स त्याला मागे टाकतं.

इंजिनिअरिंगला आहे, घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायचं आहे. काय घेऊ?

इथे एकत्र चिपचं नशीब एकदम पालटलं आहे. मॉडेल मेमरीत मावलं पाहिजे, ही पहिली अट. ७० अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तेवढे आकडे साठवलेलं, मॉडेल प्रत्येकी चार बिटांत दाबलं तरी ३५ जीबी लागतात. आरटीएक्स ५०९० या मोठ्या कार्डात मेमरी ३२ जीबी. मावत नाही. एएमडीची रायझन एआय मॅक्स+ ३९५ ही एकत्र चिप २०२५ मध्ये आली, तिला १२८ जीबीपर्यंत मेमरी मिळते आणि त्यातली ९६ पर्यंत विंडोजमध्ये ग्राफिक्सला देता येते. आरामात मावतं.

पण परत पाइपच. त्या चिपचा पाइप सेकंदाला २५६ जीबीचा. मॉडेल उत्तर शब्दांच्या तुकड्यातुकड्याने लिहितं, आणि प्रत्येक शब्दखंडासाठी जवळजवळ सगळं मॉडेल एकदा वाचावं लागतं. २५६ भागिले ३५, म्हणजे सेकंदाला फार तर सात खंड. वाचता येईल इतपत वेग, त्याहून जास्त नाही. ५०९० चा पाइप जवळपास १,८०० जीबीचा आहे, पण विहीर छोटी. कोणी विहीर देतं, कोणी पाइप.

दोन्ही एकदम हवं असेल तर एएमडीची एमआय३००ए बघा, म्हणजे नुसती बघा. २४ कोर, ग्राफिक्स आणि १२८ जीबी एचबीएम ही अतिवेगवान मेमरी एकाच पॅकेजवर, पाइप ५,३०० जीबीचा. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला एल कॅपिटन हा महासंगणक त्याच चिपांवर चालतो आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला. ‘आतलं ग्राफिक्स म्हणजे गरिबाचं’ असं म्हणणाऱ्याला मी हेच सांगतो.

कॉलेजच्या प्रोजेक्टला मात्र छोटं मॉडेल आणि १२ जीबीचं साधं कार्ड पुरतं.

मोबाइलमध्ये तर हे सगळं आधीपासून एकच आहे ना?

हो. तिथे दुसरा पर्यायच नव्हता, जागा नाही आणि बॅटरी लहान.

मग पुढे काय? कार्ड बंद होणार का?

खालून वर संपत जातील, असं मला दिसतं. सगळ्यांत खालची कार्डं गेलीच. मधल्या थरावर आता एकत्र चिपा चढताहेत. वरची राहतील, कारण तिथे निसर्गच आडवा येतो. चिप छापणारं यंत्र एका वेळी साधारण ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा छापू शकत नाही. ५०९० ची चिप एकटीच ७५० ची, आणि कार्डाची भूक ५७५ वॅटची. तिच्याशेजारी त्याच तुकड्यावर प्रोसेसर मावणार कुठे आणि थंड करणार कसा?

म्हणून कंपन्यांनी गोधडीचा मार्ग धरला. एक मोठं कापड विणण्यापेक्षा छोटे तुकडे वेगवेगळे छापायचे आणि एकमेकांना जवळ शिवायचे. चिपलेट म्हणतात त्यांना. प्रोसेसरचा तुकडा महाग, बारीक प्रक्रियेत, बाकीचे स्वस्त प्रक्रियेत. एक तुकडा खराब निघाला तर तेवढाच फेकायचा. गंमत अशी की २०१० मध्ये इंटेलने दोन तुकडे एका झाकणाखाली ठेवले, तेव्हा लोक म्हणाले, हे काय खरं एकत्रीकरण नाही. आता सगळे फिरून तिथेच आलेत, फक्त शिवण फार सुबक झाली.

शिवणीमुळे वैरीही एका पाटावर येतात. २०१८ मध्ये इंटेलने आपल्या प्रोसेसरला एएमडीचं ग्राफिक्स जोडून चिप काढली होती, पुढच्याच वर्षी तिचा शेवट जाहीर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं, आणि इंटेलच्या प्रोसेसरला एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा तुकडा जोडलेल्या चिपा काढायचं दोघांनी जाहीर केलं. कार्ड विकून मोठी झालेली कंपनीच आत यायला तयार झाली, यावरून वारा कुठला ते ओळखा.

यात तोटा कुणाचा?

तुमचा थोडा, माझा जास्त. पाइप मोठा करायचा तर मेमरी चिपच्या अगदी जवळ, बोर्डावर डाग देऊन पक्की बसवावी लागते. स्लॉटमधून तेवढा वेग स्वच्छ जात नाही. फ्रेमवर्क ही कंपनी सुटे भाग बदलता येणारे लॅपटॉप विकते. तिलासुद्धा २०२५ मध्ये त्या रायझन एआय मॅक्सच्या डेस्कटॉपला रॅम सोल्डर करूनच द्यावी लागली. इंटेलने २०२४ च्या लूनर लेक चिपमध्ये मेमरी थेट चिपच्या पॅकेजवर घेतली, मग खर्च अंगावर आला तेव्हा पुढच्या पिढीत परत बाहेर काढली. म्हणजे हे भांडण अजून मिटलेलं नाही.

गिऱ्हाइकासाठी याचा अर्थ एवढाच: अशी मशीन घ्याल तेव्हा लागेल तेवढी मेमरी पहिल्याच दिवशी घ्या. ‘दिवाळीला वाढवू’ हे चालणार नाही. आणि एक भाग गेला की पूर्ण बोर्ड. रॅम बदलून, कार्ड बदलून ज्या मशीनला मी दहा-दहा वर्षं चालवलंय, तसं तिला चालवता येणार नाही. बोर्डावरची चिप उपसायचं यंत्र घ्यावं का, याचा विचार मी दोन वर्षं करतोय. अजून घेतलं नाही.

ही चिप भारतात बनते का?

आराखड्याचं बरंच काम बेंगळुरू, हैदराबादला होतं. एएमडी, ॲपल, एनव्हिडियाच्या बड्या चिपा मुख्यतः तैवानच्या टीएसएमसी या चिप छापणाऱ्या कंपनीत छापल्या जातात.

जुना पीसी आहे. आता कार्ड टाकू की थांबून नवीन घेऊ?

पॉवर सप्लाय चांगला असेल आणि प्रोसेसर सहा-सात वर्षांच्या आतला असेल, तर कार्ड टाका. त्याहून जुना असेल तर त्यात पैसे घालू नका, रॅमचे भाव उतरेपर्यंत आहे तेच ओढा. मशीन घेऊन या, उघडून बघितल्याशिवाय मी फोनवर भाव सांगत नाही.

दुकान किती वाजता उघडं असतं?

सकाळी साडेदहा ते रात्री आठ. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार बंद. ४५ च्या पुढे आम्हीही वेग कमी करतो.